समितीचे बावन्न काका

बावन्न काकांना पत्ता विचारू नका, असं आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी विचारला. शहागंजातून एका जुन्या हमामखान्याकडं कसं जायचं, एवढंच. काका म्हणाले, "सरळ जा. पिंपळ होता तिथं डावीकडं वळा. मग कमान होती, तिच्याखालून गेलं की उजव्या हाताला सराई होती. सराईच्या मागं."

मी तासभर उन्हात फिरले. पिंपळ नव्हता, कमान नव्हती, सराईच्या जागी मोबाईलची दुकानं होती. परत येऊन सांगितलं तर काकांना खरोखर नवल वाटलं. "सापडलं नाही? एवढं तर सोपं आहे."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या डोक्यात शहराचा जो नकाशा होता त्यातून काहीच पडलेलं नव्हतं.

'बावन्न' हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. आमचं शहर बावन्न दरवाजांचं म्हणतात, आणि काका बोलायला लागले की एकेक दरवाजा मोजल्याशिवाय थांबायचे नाहीत. शिपाई आत डोकावून "बावन्न आले" म्हणायचा आणि अर्धी टेबलं चहाला उठायची. काकांना हे नाव माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "आज उभे असलेले दरवाजे मोजून नाव ठेवायचं म्हटलं तर लई छोटं करावं लागेल माझं नाव." आणि स्वतःच हसले. ते हसले की मागच्या दोन दाढांच्या जागी मोकळं दिसायचं.

काका आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले. मी त्यांच्याबद्दल लिहितेय ते कौतुकासाठी नाही. त्यांच्या बाबतीत जे घडलं त्यात माझा हात होता, आणि ते कुठल्याही इतिवृत्तात आलेलं नाही.

मी मूळची गंगापूरकडची. घरात ऊस, कापूस, आणि नोकरी करणारी मीच पहिली. नगररचनेच्या टेबलावर कारकून म्हणून लागले तेव्हा माझ्याकडं वारसा समितीचं काम आलं, कारण ते कुणालाच नको होतं. समितीचं काम सांगायला सोपं होतं. विकास आराखडा करताना, रस्ता रुंद करताना किंवा बांधकामाला परवानगी देताना मध्ये एखादी जुनी वास्तू येत असेल, तर आधी समितीचं मत घ्यायचं. समितीत अध्यक्ष, एक आर्किटेक्ट, कॉलेजातले एक प्राध्यापक, आमचे साहेब, आणि नागरिकांच्या वतीनं काका. मी सदस्य नव्हते. बैठकीची नोटीस काढायची, चहा सांगायचा आणि इतिवृत्त लिहायचं, एवढंच माझं काम.

काका भूमापन खात्यातून अनुरेखक म्हणून निवृत्त झालेले. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरून त्याची रेघ न् रेघ उतरवून घेणारा माणूस म्हणजे अनुरेखक. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निजामाच्या काळातले नकाशे वाचता यावेत म्हणून एका मुस्लिम सहकाऱ्याकडून उर्दू शिकले, आणि ती त्यांच्या बोलण्यात कायमची मुक्कामाला आली. नळाच्या प्लास्टिक पाइपचा हातभर तुकडा कापून, दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबून, त्यात ते नकाशे ठेवायचे. तो पाइप खांद्याला लावून बसमधून उतरले की लोक प्लंबर समजायचे. एका बाईनं तर थांबवून विचारलं होतं, मोरी तुंबलीय, बघता का. काकांनी बघितली. त्या घराच्या मोरीखाली जुनं गटार कुठून कसं गेलंय तेही सांगून आले.

भिंत दिसली की चव बघायची, ही त्यांची सगळ्यात वाईट खोड. खिशातल्या किल्लीनं सांध्यातला चुना जरासा खरवडायचा आणि जिभेच्या टोकावर ठेवायचा. नव्यानं आलेले एक मोठे अधिकारी पाहणीला आले असताना त्यांच्यासमोर काकांनी हे केलं. अधिकारी दोन पावलं मागं सरकले. काका डोळे मिटून उभे. मग म्हणाले, "गूळ आहे यात, बेलफळ आहे. साहेब, तुम्ही घेता का?" अधिकाऱ्यांनी घेतला नाही. परतीच्या गाडीत आमचे साहेब मला म्हणाले, "पुढच्या वेळी यांना नोटीस उशिरा पाठवा."

बैठकीत कुणी 'पडकी इमारत' म्हटलं की काका हात वर करायचे. "पडकी म्हणू नका. पडत असलेली म्हणा. पडलेल्याला उचलावं लागतं, पडत असलेल्याला नुसता हात दिला तरी पुरतो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते इतिवृत्तात लिहिलं होतं. साहेबांनी लाल पेनानं खोडलं. समासात लिहिलं, 'विषयाशी सुसंगत नाही'.

आता बंब्याचं सांगते.

हर्सूलकडच्या डोंगरपायथ्यापासून जमिनीखालून मातीच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणणारी जुनी नहर आहे. तिच्या वाटेवर मधूनमधून विटा-चुन्याचे उंच चौकोनी खांब उभे केलेले. त्यांना बंबे म्हणतात. पाणी त्यात वर चढतं, दम घेतं आणि पुढं उतरतं, असं काका सांगायचे. बरेचसे बंबे केव्हाच गेले. एक जुन्या वस्तीत अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभा होता, दोन मजले उंच, वर पिंपळाचं रोप. त्याला पाठ लावून एका म्हाताऱ्या बाईंचं रजया भरायचं दुकान होतं. दुकान खाली, घर वर. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, काकाही म्हणायचे. बंब्याच्या खिळ्यांना त्यांच्या कापसाच्या पिशव्या टांगलेल्या असत.

त्या गल्लीवरून रुंद रस्ता जाणार होता. आराखड्यातली रेघ बंब्याच्या मधोमध आणि खालांच्या दुकानाच्या निम्म्यातून गेली होती.

काका मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले तेव्हा त्यांनी पाइपातून नकाशाची नक्कल काढली आणि खालांच्या रजईवर पसरली. त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही मी मारली."

मला कळलं नाही.

"जुन्या आराखड्याच्या वेळी. मी पंचविशीत होतो. वरिष्ठांनी पेन्सिलीनं ओढून दिली, मी शाईनं उतरवली. ही जागा कधी बघितलेलीच नव्हती. ताई, नकाशावरच्या रेघेलासुद्धा जाडी असते. पेन जरा जाड लागला की इथं कुणाची तरी ओसरी जाते. आम्हाला शिकवलं होतं, रेघ ओढताना हात कापू नये. खाली काय आहे ते विचारायचं शिकवलं नव्हतं."

खाला चहा घेऊन आल्या. नकाशाकडं बघून म्हणाल्या, "साब, इसमें मेरा घर कौनसा?"

काकांनी दाखवलं नाही. म्हणाले, "फिक्र नक्को करो खाला. कमेटी है."

त्यांचं म्हणणं होतं, रेघ फक्त सहा फूट पलीकडं सरकवायची. पलीकडं एका बंद पडलेल्या गोदामाची मोकळी जागा होती, कुणाचं घर जात नव्हतं. बंबा वाचला असता आणि त्याला चिकटून खालाही. यासाठी त्यांनी वर्षभर ऑफिसात खेटे घातले. आर्किटेक्टच्या घरी गेले, प्राध्यापकांच्या वर्गाबाहेर जाऊन उभे राहिले. अध्यक्ष पहाटे ज्या मैदानावर फिरायला जायचे, तिथंच त्यांनी त्यांना गाठलं आणि त्यांच्यासोबत चार फेऱ्या मारल्या. त्या वयात, चपला घालून.

आणि बैठकीत ठराव झाला. एकमतानं. बंबा संरक्षित यादीत घ्यावा आणि रस्त्याची रेघ सरकवण्याची शिफारस करावी. मी ठराव लिहून घेत होते तेव्हा काका टेबलाची कड धरून बसले होते, कुणी ओढून नेईल अशा भीतीनं धरावं तसे. संध्याकाळी ते गुलमंडीवरून इमरती घेऊन आले. ऑफिस सुटलेलं होतं. शिपाई, मी आणि काका, तिघांनी उभ्यानं खाल्ली. शिपाई म्हणाला, "काका, आजपासून त्रेपन्न." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपाई गडबडला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

तीन-चार आठवड्यांनी साहेबांनी मला आत बोलावलं. समोर समितीच्या यादीचा कच्चा मसुदा होता. यादीला दोन परिशिष्टं होती. परिशिष्ट 'अ' म्हणजे संरक्षित, समितीच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. परिशिष्ट 'ब' म्हणजे नुसती नोंद घेण्याजोगी. 'ब' मधली वास्तू पाडायची झाली तर आधी फोटो काढायचे, एवढंच बंधन.

"बंबा 'ब' मध्ये टाका," साहेब म्हणाले.

"साहेब, ठराव 'अ' चा आहे."

"यादीतून काढा म्हणालो का मी? यादीतच आहे. 'अ' मध्ये ठेवला तर रस्त्याचं काम अडतं, आणि एका खांबापायी सगळी यादी वरून परत येते. टायपिंग तुम्ही करता ना?"

"हो."

"तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्याकडंच आहे. मी तसं काही म्हणत नाही. पण आहे माझ्याकडं."

ते चांगले गृहस्थ होते. माझ्या वडलांना बरं नव्हतं तेव्हा न मागता रजा दिली होती त्यांनी. मी टेबलावर आले, 'अ' मधली ओळ कापली आणि 'ब' मध्ये चिकटवली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग खालचे अनुक्रमांक बदलले. त्याला जास्त वेळ लागला.

यादीच्या प्रत्येक पानावर सदस्यांच्या सह्या लागायच्या. काकांच्या सहीला एरवी अख्खी दुपार जायची. ते प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायचे. 'दरवाजा' मधला एक काना राहिला म्हणून त्यांनी एकदा आठ पानं परत टाइप करायला लावली होती. त्या दिवशी त्यांनी चष्माच काढला नाही खिशातून. पानं उलटत गेले, सही करत गेले. 'ब' च्या पानावरसुद्धा. मी समोर उभी होते. मला वाटलं, माझ्यावर विश्वास आहे म्हणून वाचत नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

नंतर एका सकाळी दहाच्या सुमारास काकांचा फोन आला. "ताई, गल्लीत जेसीबी आलाय. या."

मी पोचले तर गल्ली माणसांनी भरलेली. खालांच्या रजया, पिंजलेला कापूस, शिवणयंत्र, सगळं रस्त्यावर. काका तरुण इंजिनिअरसमोर ठरावाची प्रत धरून उभे होते. इंजिनिअर उद्धट नव्हता. त्यानं प्रत पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली.

"काका, समिती सल्लागार असते. तुम्ही सल्ला दिला, आम्ही नोंद घेतली. रेघ सरकवायची शिफारस मान्य झालेली नाही. आणि यादीत हा 'ब' मध्ये आहे. फोटो काढायचे होते, ते काल काढले."

मी काकांच्या मागं होते. आता हे वळून माझ्याकडं बघणार, म्हणून मी खाली बघितलं. ते वळले नाहीत.

"मला अर्धा तास द्या," ते म्हणाले. "माप घ्यायचंय."

"कशाला आता?"

"कुणी घेतलेलं नाही. कुठल्याच नकाशात याचं माप नाही."

इंजिनिअरनं ड्रायव्हरला यंत्र बंद करायला सांगितलं. काकांनी खिशातून कापडी फीत काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही त्या बंब्याचं माप घेतलं. चारी बाजू, जोतं, कोनाडे, विटेची लांबी, सांध्याची जाडी. काका आकडे सांगायचे, मी ठरावाच्या प्रतीच्या पाठीवर लिहायचे. लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. एकजण म्हणाला, "चाचा, कफन सिलरे क्या?" दोघंचौघं हसले. काका म्हणाले, "हौ." आणि पुढचा आकडा सांगितला.

अर्धा तास संपला.

पहिल्या धडकेत बंबा हलला नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरनं खालून जोत्याला दात लावले, तेव्हा तो आडवा न पडता खचत खाली बसला. धूळ खाली बसल्यावर दिसलं की ढिगाऱ्यातून पाणी येतंय.

इंजिनिअर ओरडला, नळाची लाइन फुटली. पाणीपुरवठ्याचा माणूस आला, वास घेतला, बोटं बुडवली आणि म्हणाला, ही आपली लाइन नाही. खापरी नळाचं तोंड मोकळं झालं होतं आणि त्यातून मनगटाएवढी धार वाहत होती. स्वच्छ, थंड. ती नहर आमच्या फायलीत कितीतरी वर्षं 'मृत' म्हणून लिहिलेली होती. त्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी यायचं. बायका धावत घरात गेल्या आणि हंडे, बादल्या, कुकरची भांडी, जे मिळेल ते घेऊन आल्या. काका गुडघ्यावर बसून त्या धारेखाली हात धरून होते. हात काढायलाच तयार नव्हते. बायका त्यांच्या हातांच्या बाजूनं हंडे लावत होत्या.

तिसऱ्या प्रहरापर्यंत वरून हुकूम आला. रस्त्याच्या भरावात पाणी मुरायला नको. मुरूम टाकला, त्यावर काँक्रीट. धार बारीक होत गेली, मग नुसती ओल राहिली, मग तीही दिसेना.

खाला रजयांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या होत्या. त्यांचं निम्मं घर उघडं पडलं होतं, वरच्या खोलीतली हिरवी भिंत गल्लीतून दिसत होती. मुलगी मुकुंदवाडीला राहायची, ती रिक्षा घेऊन आली. रिक्षात बसायच्या आधी खाला काकांजवळ आल्या. आवाज चढवला नाही.

"साब, तुम तो बोलते थे कमेटी है करके."

रिक्षा गेली.

त्यानंतर काका बदलले असं लोक म्हणायचे. मला तसं दिसलं नाही. ते येतच राहिले. दर आठवड्याला माझ्या टेबलाशी येऊन एकच विचारायचे, "यादी आली का?" यादी मंजुरीला वर गेली होती. राजपत्रात छापून आल्याशिवाय तिला कायद्याचं बळ नव्हतं, 'अ' असो की 'ब'. शहराचं नाव बदललं, आमचे लेटरहेड बदलले, शिक्के बदलले. यादी आली नाही. दरम्यान 'अ' मधला एक हमामखाना गेला, तोच, ज्याचा पत्ता मला सापडला नव्हता. मग एक मुसाफिरखाना गेला, एक बारव बुजली. प्रत्येक वेळी काका अर्ज लिहायचे, मी तो फायलीला लावायचे. एक दिवस ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, 'अ' आणि 'ब' मध्ये फरक कळला मला. 'ब' चे निदान फोटो तरी काढतात."

समितीच्या बैठकांना माणसं येईनात. अध्यक्षांची प्रकृती, आर्किटेक्टची कामं, प्राध्यापकांची बदली. मी इतिवृत्तात 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' लिहायचे. पण काका वेळेवर येऊन बसायचे, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर विषयपत्रिका वाचायला घ्यायचे. एकेक विषय मांडायचे, दोन्ही बाजू सांगायचे, स्वतःच स्वतःला आडवे प्रश्न विचारायचे. शेवटी म्हणायचे, "सूचक मी. अनुमोदक?" आणि माझ्याकडं बघायचे. मी सदस्य नव्हते. मला अनुमोदन द्यायचा अधिकार नव्हता. मी पेन धरून बसून राहायचे. थोडं थांबून ते म्हणायचे, "ठीक आहे. पुढचा विषय."

एका रविवारी मी हर्सूलला त्यांच्या घरी गेले. सिमेंटच्या बिल्डिंगमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. काकूंनी दार उघडलं. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. "या. एक माणूस आलं तरी ऑफिसातलं. नाहीतर आमच्याकडं फक्त कागद येतात." काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. बरेच वाळले होते. मी बसले, पाणी प्यायले, आणि सगळं सांगून टाकलं. साहेब, मसुदा, कायम होण्याचं प्रकरण, अर्धं मिनिट.

काका खिडकीकडं बघत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"सहीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं होतं मला. म्हणाले, बंबा सोडा, बाकीचे सगळे 'अ' मध्ये राहतील. नाहीतर यादीच जाणार नाही. मी रात्रभर विचार केला. एक द्यायचा आणि बाकीचे वाचवायचे. हिशेब बरोबर वाटला पोरी. म्हणून वाचलं नाही. वाचलं असतं तर सही झाली नसती माझ्याच्यानं."

ते मला पहिल्यांदाच पोरी म्हणाले होते.

"मग मला का नाही सांगितलं? मी इतके दिवस..."

"मला वाटलं, तुला साहेबांनी नुसतं टाइप करायला दिलं असेल. कशाचं काय ते तुला माहीत नसेल. म्हटलं, एक माणूस तरी यातून बाहेर राहू दे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वा. म्हणजे दोघांनी मिळून पाडला, आणि एकमेकांपासून लपवत बसलात."

खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याचा हॉर्न वाजत होता.

टँकर गेल्यावर काकांनी विचारलं, "खालाकडं जाऊन आलीस?"

"नाही."

"मीपण नाही." ते आपल्या हातांकडं बघत होते. "मुकुंदवाडी काही लांब नाही. बस जाते. दोनदा स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. तिला काय सांगणार? सहा फुटांचं सांगितलं होतं, तेवढं सांगणार? माझ्या सहीचं कसं सांगू?"

आम्ही दोघंही कधी गेलो नाही. काका गेल्यावरसुद्धा मी गेलेले नाही.

त्या दिवशी निघताना ते म्हणाले, "राजीनामा लिहायचाय. हात थरथरतो. तू लिही." काकूंनी वही आणून दिली. मला वाटलं ते कारणं सांगतील, दरवाजे मोजतील, दोन-तीन पानं होतील. त्यांनी एकच वाक्य सांगितलं. 'माझा या समितीच्या कामाला उपयोग झालेला नाही, तरी मला सदस्यत्वातून मुक्त करावे.' मी म्हटलं, "काका, 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहू या." ते म्हणाले, "प्रकृतीला कशाला मध्ये घेतेस? तिनं काय केलंय?"

मी कागद घेऊन जाते म्हटलं, तर नाही म्हणाले. स्वतः येऊन देणार.

आणि सोमवारी आले. काकू सोबत होत्या, जिन्यात दोनदा बसावं लागलं म्हणाल्या. साहेब रजेवर होते. काकांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, सरळ केला आणि दुसरी प्रत पुढं केली. "पोच द्या."

माझ्या उजव्या बाजूच्या कपाटात एक आदेश पडून होता. समितीची मुदत संपल्याचा. तो येऊन चार महिने झाले होते. नवी समिती नेमलेली नव्हती, नेमणार असल्याचंही कुठं लिहिलेलं नव्हतं. सदस्यांना कळवू का, असं मी विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "कशाला? कळेल आपोआप." काका ज्या रिकाम्या खुर्च्यांपुढं विषय मांडत होते, ती सभाच नव्हती. मीच नोटिसा काढत होते, काकांसाठी. त्यांनी दुसरीकडं कुठं जायचं, हे मला सुचत नव्हतं म्हणून.

आता सांगावं असं एकदा आलं मनात. त्यांनी प्रत पुढं धरलेली होती. मी शिक्का उचलला, त्यांच्या प्रतीवर मारला, खाली सही केली.

काकांनी तो शिक्का जवळ धरून वाचला, मग लांब धरून वाचला. चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी इमरतीच्या संध्याकाळनंतर पाहिलं नव्हतं. काकूंना म्हणाले, "बघ. या ऑफिसात आज पहिल्यांदा मी मागितलं ते झालं."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी लपवतेय हे त्यांना कळलं असावं. त्यांनी काकांचा दंड धरला आणि दोघं हळूहळू जिन्याकडं गेले.

मी आवक रजिस्टर ओढलं. विषयाच्या रकान्यात 'राजीनामा' लिहिलं. पुढं, कोणत्या समितीचा, तो रकाना होता. तो मी तसाच सोडला.